पुस्तक हातोहाती : मित्रमंडळीतील शिफारस आणि गावचे वाचन

जालना जिल्ह्यातील मंठा हे तालुक्याचे ठिकाण. जालन्याहून जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि शेगावहून लोणारमार्गे पंढरपूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. गावाला रेल्वे नाही. आगगाडीसाठी परतूर गाठावे लागते. भोवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बी ज्वारीचा. या मुलखातील शेतकरी नवे वाण निवडताना फलकावरची जाहिरात वाचतो हे खरे. परंतु त्याचा निर्णय होतो तो शेजाऱ्याच्या रानात काय उगवले हे डोळ्यांनी पाहिल्यावर आणि त्याच्या तोंडून दोन शब्द ऐकल्यावर. बैल घेताना, विहिरीची जागा ठरविताना, मुलीसाठी स्थळ पाहताना हाच रिवाज चालतो. ज्याच्यावर विश्वास आहे त्याचा शब्द घ्यावयाचा, मग पाऊल टाकावयाचे.

पुस्तकाच्या बाबतीत मात्र या जुन्या शहाणपणाचा विसर पडलेला दिसतो. वाचनाचा प्रसार करावयाचा म्हणजे पुस्तके खरेदी करावयाची, कपाट आणावयाचे, फलक लावावयाचा आणि उद्घाटन करावयाचे, एवढाच अर्थ अनेक ठिकाणी घेतला जातो. ही साधने आवश्यक आहेतच. तथापि कपाटातील पुस्तक वाचकाच्या हाती जाण्यासाठी आणखी एका गोष्टीची गरज असते. "हे वाचा, तुम्हाला आवडेल," असे म्हणणारा एक ओळखीचा माणूस लागतो. या माणसाचे कार्य काय, ते कसे चालते, आणि शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांना त्यास कसा हातभार लावता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अक्षरओळख आणि वाचन

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते ७५.८७ टक्के होते. जालना जिल्हा या सरासरीच्या बराच खाली होता. आकड्यांच्या पलीकडची एक वस्तुस्थिती प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. चौथी-पाचवीपर्यंत शिकून शाळा सुटलेली मुलगी किंवा ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गावोगाव फिरलेला मुलगा काही वर्षांनी अडखळत वाचू लागतो. हाती वाचावयास काही नसेल तर शिकलेली अक्षरेही हळूहळू पुसट होतात. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा आणि नव्वदीच्या दशकातील साक्षरता मोहिमांचा अनुभवही हेच सांगतो. नवसाक्षराच्या हाती पुढचे पुस्तक कोणी दिले नाही तर केलेला खर्च आणि घेतलेले श्रम यांचा मोठा भाग वाया जातो.

दुसऱ्या टोकाला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण आहे. तालुक्याच्या गावची अभ्यासिका त्याने भरलेली असते. तो दिवसाचे आठ-दहा तास वाचतो. परंतु त्याचे वाचन प्रश्नपत्रिकेपुरते असते. परीक्षा संपली, यश आले वा न आले, की पुस्तकाशी असलेले त्याचे नाते बहुधा तुटते. या दोघांनाही जोडून घ्यावयाचे असेल तर शासकीय परिपत्रक पुरेसे पडत नाही. त्यांच्या बरोबरीच्या, त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या मित्राचा शब्द तेथे अधिक उपयोगी पडतो.

परंपरा जुनी आहे

एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे, ही मराठवाड्याच्या गावांची जुनी रीत. श्रावणात देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लावली जाते. श्रीधरांचा 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप', महिपतींचा 'भक्तिविजय' हे ग्रंथ ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते अशांनाही या मार्गाने ठाऊक झाले. वाचणारा ओवी वाचीत असे, दुसरा तिचा अर्थ सांगत असे आणि ऐकणाऱ्या बायाबापड्या मध्येच प्रश्न विचारीत. आजच्या भाषेत ज्याला चर्चामंडळ म्हणतात त्याचेच हे रूप होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे ग्रंथरूपाने घरोघर गेलेले हे विवेचनसुद्धा मूळचे सहबंद्यांच्या मेळाव्यातील होय.

जालना जिल्ह्याला या परंपरेचा विशेष वारसा आहे. समर्थ रामदासांचे १६०८ मधील जन्मगाव जांब हे याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येते. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, लेखणी, शाई, कागद यांची त्यात बारकाईने चर्चा येते. छापखाना नसलेल्या काळात ग्रंथाची नक्कल करून ती दुसऱ्याच्या हाती देणे हे पुस्तक पसरविण्याचे मुख्य साधन होते. म्हणूनच सुवाच्य अक्षराला एवढे महत्त्व आले. आधुनिक काळातील कवी व कादंबरीकार बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ साली परतूरजवळच्या सातोना येथे झाला. मंठ्याला लागून असलेल्या सेलू तालुक्यातील आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहास २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या पंचक्रोशीत लिहिणारी माणसे झाली व आहेत, ही गोष्टच पुष्कळ गावकऱ्यांना ठाऊक नसते. ती सांगणे हीदेखील एक शिफारस आहे.

संस्थानी राजवटीत मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागे. अशा काळात मराठी वाचनालये ही माणसांनी एकत्र येण्याची व वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची ठिकाणे बनली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर १९५५ साली तेथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीपुरते बोलावयाचे तर कोल्हापूर संस्थानातील १९४५ च्या कायद्यानंतरचा हा दुसरा कायदा होय. संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १९६८ मध्ये अमलात आला. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी ठरली व अनुदानाची पद्धत सुरू झाली. कायदा आहे, संचालनालय आहे, हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. उणीव आहे ती कपाट आणि वाचक यांच्यामधील दुव्याची.

मित्रांनी दिलेली पुस्तके

एखाद्याने दिलेल्या एका पुस्तकाने काय घडू शकते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात ठळक आहेत.

पहिले उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे. १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे त्यांचे मित्र थॉमस पेन या लेखकाचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचीत व त्यावर चर्चा करीत. हे मित्र एका जातीचे नव्हते. पुस्तकाने जागा केलेला विचार त्यांनी चर्चेवरच सोडला नाही. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि या मित्रांपैकी काही जण तिच्या कामात पाठीशी उभे राहिले. चार मित्रांच्या वाचनातून निघालेली ही वाट पुढे लाखो मुलींना शाळेपर्यंत घेऊन गेली.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. मुंबईतील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी बागेत वाचीत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावांना हेरले. ते त्यांना पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा भरलेल्या अभिनंदनाच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. या भेटीचा परिणाम बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या बुद्धाविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केला आहे. १९०७ मधील एक भेट आणि १९५६ मधील धम्मदीक्षा यांच्यामध्ये एकोणपन्नास वर्षांचे अंतर आहे. दिलेल्या पुस्तकाचे फळ केव्हा येईल हे देणाऱ्याला कधीच सांगता येत नाही. केळुसकर गुरुजींनी मात्र एक गोष्ट अचूक साधली होती. त्यांनी मुलगा आधी पाहिला, मग पुस्तक निवडले.

पुस्तक वाचकाच्या दारी

केळुसकरांच्याच प्रयत्नाने ज्यांचे साहाय्य भीमरावांना लाभले त्या सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात हाच विचार शासकीय पातळीवर राबविला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या या सुपुत्राने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. शिकलेल्यांना वाचावयास काही हवे, हा त्यामागील सरळ हिशेब होता. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या जात व काही काळाने त्या बदलल्या जात. १९३१ मध्ये तंजावर भागातील मन्नारगुडीजवळ बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले. त्याला प्रेरणा देणारे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय सतत वाढत राहिले पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. यातील दुसऱ्या व तिसऱ्या सूत्राची अंमलबजावणी गावात सर्वांत चांगली कोण करू शकेल, तर सर्वांना ओळखणारा वाचनप्रेमी माणूस.

अलीकडील काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ पासून चालविलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना याच वाटेवरची आहे. एका पेटीत निवडक पुस्तके असतात आणि ती वाचकांच्या एका गटाकडे दिली जाते. गटातील एक जण स्वतःच्या घरी ती सांभाळतो. शेजारी-मित्र तेथून पुस्तके नेतात. काही महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्या गटाकडे जाते. पुस्तके तीच, परंतु वाचणारी घरे बदलत राहतात. नाशिकमध्ये सुरू झालेल्या या पेट्या महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. पेटी ज्याच्या घरी असते तो नकळत तिचा निवेदक बनतो. "तुमच्या आईंना हे द्या, मोठ्या टाइपात आहे," असे तोच सांगू शकतो.

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' म्हणून उभे राहिले. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाची प्रेरणा त्यामागे होती. घरांच्या ओसऱ्या आणि देवळे यांतून विषयवार पुस्तके मांडली गेली. पुढे मराठवाड्यातील वेरूळचाही या योजनेत समावेश झाला. प्रत्येक गावाला असे होता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. घराच्या ओसरीवर पुस्तक असू शकते, एवढा धडा घेतला तरी पुरे.

शिफारस कशी करावी

"वाचत जा" हा उपदेश आहे. "हे पुस्तक तुम्ही वाचा" ही शिफारस आहे. उपदेशाने माणूस दूर सरतो, शिफारशीने जवळ येतो. मात्र शिफारस करण्याचीही एक रीत आहे.

प्रथम वाचक पाहावा. कापूस पिकवणाऱ्या, जमीन थकत चालली असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याला वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' सुचविता येईल. १९८१ साली प्रसिद्ध झालेले हे चरित्र वर्षानुवर्षे हातोहाती फिरले. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेच्या दक्षिण भागात, सततच्या कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग व चवळीसारखी पिके घ्यावयास शेतकऱ्यांना शिकवितो. १९०६ मध्ये सुरू झालेल्या फिरत्या गाडीतून त्याचे शेतीचे धडे शेतकऱ्याच्या दारी जातात. मंठ्याच्या शेतकऱ्याला ही हकीकत परक्या देशाची वाटणार नाही. शेतीतील ओढाताण भोगणाऱ्या तरुणाला बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी आपल्याच शेजारची वाटेल. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्यावी. त्यातील तरुण मास्तरही दुष्काळी मुलखातील अनोळखी गावी एकटाच पोचतो. लग्नानंतर अक्षरओळख करून घेतलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' बचत गटात मोठ्याने वाचली तर ऐकणाऱ्या स्त्रिया हसतील, गहिवरतील आणि पुढचा भाग केव्हा असे विचारतील.

दुसरी गोष्ट, शिफारस थोडक्यात करावी. पुस्तक कशाविषयी आहे, ते या माणसासाठी का, आणि सुरुवात कोठून करावी, एवढे तीन मुद्दे पुरतात. सगळी कथा सांगून टाकणे हा वाचकावर अन्याय आहे. जाड पुस्तक असेल तर एखादे प्रकरण दाखवून द्यावे. स्वतः न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस करू नये; करावयाचीच झाली तर "मी वाचलेले नाही, अमक्यांना आवडले" असे स्पष्ट सांगावे. शब्दाची पत टिकली तरच पुढची शिफारस ऐकली जाते.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच पुस्तक. वीस नावांची यादी खिशात राहते. एक पुस्तक उशाशी जाते.

चौथी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शिफारस नाकारण्याचा आणि पुस्तक अर्धे सोडण्याचा हक्क वाचकाला असावा. "वाचले का?" असा तगादा लावला की पुस्तक हे कर्ज वाटू लागते. त्याऐवजी "कोठवर आलात?" असा प्रश्न करावा आणि "नाही जमले" हे उत्तर हसून स्वीकारावे. न आवडण्याचे कारण विचारल्यास दुसरे पुस्तक निवडणे सोपे होते. शिफारस ही दुहेरी असावी. शिक्षकाने शेतकऱ्याला पुस्तक सुचवावे, तसे शेतकऱ्यानेही शिक्षकाला सुचवावे. घेणारा नेहमी एकच आणि देणारा नेहमी दुसराच असेल तर तेथे मैत्री राहत नाही.

पुस्तकांची भिशी

भिशी ही खेड्यापाड्यांत सर्वांना परिचित असलेली व्यवस्था आहे. तीच रीत पुस्तकांना लावता येते, आणि राज्यात काही ठिकाणी शिक्षकांनी व महिलांनी तसे प्रयोग केलेही आहेत. तिचा हिशेब समजण्यास सोपा आहे.

बारा मित्र एकत्र आले आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीचे एक पुस्तक आणले, असे समजा. पुस्तकाची सरासरी किंमत २५० रुपये धरली तर प्रत्येकाचा खर्च २५० रुपयेच होतो. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, उदाहरणार्थ पहिल्या बाजाराच्या दिवशी, प्रत्येकाने हातातले पुस्तक आपल्या उजवीकडील मित्राला द्यावयाचे. वर्षअखेरीस प्रत्येकाच्या हातून ३,००० रुपयांची बारा पुस्तके वाचून जातात आणि बारा पुस्तकांची मिळून १४४ वाचने होतात. वर्तुळ ठरलेले असल्याने पुस्तक कोणाकडून यावयाचे व कोणाला द्यावयाचे हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे पुस्तक हरवले तर ते कोठे अडकले हे लगेच कळते. वाचून झाले नसले तरी ठरल्या दिवशी पुस्तक पुढे सरकलेच पाहिजे, हा नियम मात्र कटाक्षाने पाळावा. ज्याचे राहिले त्याला ते वर्षअखेरीस पुन्हा मागून घेता येईल. वर्ष संपल्यावर बाराही पुस्तके शाळेला किंवा गावच्या ग्रंथालयाला देऊन नवी बारा आणावीत.

या भिशीसाठी एक वही ठेवावी. तीत तारीख, पुस्तकाचे नाव, वाचकाचे नाव आणि त्याने लिहिलेले एक वाक्य एवढेच रकाने असावेत. "शेवट पटला नाही", "आमच्या आजीची आठवण झाली", "पहिली चाळीस पाने सोडा" अशी साधी वाक्ये पुढच्या वाचकाला वाट दाखवतात. गटात पंधरा-वीस माणसे झाली की त्याचे दोन गट करावेत. गट मोठा झाला की बोलणारे थोडे व ऐकणारे फार, अशी स्थिती होते.

अडचणी आणि मर्यादा

पुस्तक दिले की परत येत नाही, ही सार्वत्रिक तक्रार आहे. शाळांमध्ये तिचे रूप अधिक गंभीर असते. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करावयाची या धास्तीने कपाटाला कुलूप लागते व जडसंग्रहवहीतील नोंदी सुरक्षित राहतात. पुस्तके मात्र वाळवीच्या हाती जातात. या संदर्भात केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील २१५ व्या नियमाचे तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी, ती अप्रामाणिकपणामुळे अथवा निष्काळजीपणामुळे झालेली नसेल तर, वाजवी मानावी असे तो नियम सांगतो. मौल्यवान व दुर्मीळ ग्रंथांसाठी अर्थातच चौकशीची तरतूद आहे. हा नियम केंद्रीय संस्थांसाठी असला तरी त्यामागचा विचार सर्वांनाच लागू पडणारा आहे. पुस्तके वापरली गेली तर त्यांतील काही झिजणार व काही हरवणार. तपासणी अधिकाऱ्याने किती पुस्तके शिल्लक आहेत हे पाहताना किती पुस्तके वाचली गेली हेही विचारले, तर कुलपे आपोआप निघतील.

मित्रांच्या शिफारशीला एक मोठी मर्यादा आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. मित्र बहुधा आपल्यासारखेच असतात. एका आळीतील, एका जातीतील, एका विचाराचे लोक एकमेकांना तीच ती पुस्तके देत राहिले तर वाचन वाढेल, परंतु दृष्टी वाढणार नाही. जोतीरावांच्या मित्रमंडळाचे सामर्थ्य त्यातील मित्र वेगवेगळ्या जातींचे होते यातही होते. म्हणून गट बांधताना वेगवेगळ्या वस्त्यांतील माणसे, स्त्री आणि पुरुष, तरुण आणि वृद्ध, मराठीबरोबर उर्दू वाचणारे शेजारी यांना मुद्दाम बोलवावे. वर्षातून निदान एक पुस्तक आपल्याला न पटणारे वाचावे, असा संकेत ठेवता येईल. ज्या स्त्रीला सायंकाळी घराबाहेर पडून ग्रंथालयात जाता येत नाही तिच्यापर्यंत पुस्तक जाण्याची सोय बचत गट, अंगणवाडी किंवा शाळेत जाणारी तिची मुले यांच्यामार्फत करावी.

आज भ्रमणध्वनीवरूनही पुस्तकांची नावे व मुखपृष्ठे एकमेकांना पाठविली जातात. ती सोय स्वागतार्ह आहे; मात्र पुढे पाठविणे म्हणजे वाचणे नव्हे. शिवाय चालू लेखकांच्या पुस्तकांच्या अनधिकृत प्रती वाटणे कायद्यात बसत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये आणि बी. रघुनाथांचे १९५३ मध्ये झाले. त्यामुळे त्यांनी प्रसिद्ध केलेले साहित्य अनुक्रमे २०११ आणि २०१४ पासून सर्वांना मुक्त झाले आहे. सातोन्याच्या या लेखकाची 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी त्याच्याच परिसरातील शाळांत मोठ्याने वाचण्यास आता कसलीही आडकाठी नाही. नोव्हेंबर १९७१ पासून बालभारती प्रसिद्ध करीत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आणि मराठी विश्वकोशही संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

गावात काय करता येईल

शिक्षकांसाठी प्रारंभ वर्गातूनच होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असले पाहिजे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एका विद्यार्थ्याने आपण वाचलेले पुस्तक दुसऱ्यांना सांगावे. गुण देऊ नयेत, परीक्षा घेऊ नये. सातवीतील मुलाने सांगितलेले पुस्तक सहावीतील मूल ज्या ओढीने मागते, ती ओढ शिक्षकाच्या सूचनेला क्वचितच लाभते. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणांऐवजी पुस्तकांची अदलाबदल झाली, तर दिवसाचे नाव सार्थ होईल.

पंचायत सदस्यांनी लक्षात घ्यावे की ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ग्रंथालय हा विसावा विषय आहे. रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांच्याप्रमाणे तोही पंचायतीच्या विचारकक्षेतील विषय होय. फार मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. पंचायतीच्या कार्यालयात, दूध संकलन केंद्रावर किंवा दवाखान्याच्या पडवीत पंचवीस पुस्तकांची एक फळी व एक वही ठेवता येईल. शेजारच्या चार गावांनी आपल्या पेट्या दर तिमाहीस बदलल्या तर पंचवीस पुस्तकांच्या खर्चात प्रत्येक गावास वर्षभरात शंभर पुस्तके मिळतील. मंठ्यासारखे तालुक्याचे गाव अशा अदलाबदलीचे केंद्र सहज होऊ शकते, कारण बाजार, कचेरी आणि एस. टी. यांच्या निमित्ताने भोवतालच्या गावांतील माणसांचे तेथे येणे-जाणे असतेच.

ग्रंथालयांच्या कार्यकारिणीने पुस्तक खरेदीची यादी करताना वाचकगटांच्या वह्या मागवून घ्याव्यात. १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या साहाय्याचा व शासकीय अनुदानाचा उपयोग मागणी असलेल्या पुस्तकांसाठी झाला तर ती पुस्तके फडताळात पडून राहणार नाहीत. ग्रंथपालाला गावातील दहा चांगल्या वाचकांची नावे ठाऊक असावीत. नवे पुस्तक आले की ते प्रथम त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती द्यावे. पुढचा प्रचार तो वाचकच करील.

आणि अधिकाऱ्यांनी? बदली होऊन आलेला अधिकारी गावाला अनोळखी असतो. दौऱ्यावर असताना त्याच्या पिशवीत एक पुस्तक असले, चहाच्या वेळी त्याने त्यातील एखादी गोष्ट सांगितली आणि जाताना ते पुस्तक गावातच ठेवून पुढच्या खेपेला त्याविषयी विचारले, तर त्या भेटीची आठवण आदेशापेक्षा अधिक टिकेल.

मराठी भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. भाषेचा गौरव झाला. तिच्या वाचकांची संख्या मात्र दर्जाने वाढत नाही. ती एकेका वाचकाने वाढते. हिवाळ्यात शेतावर हुरडा खाण्यासाठी माणसे जमतात तेव्हा कोणीही एकटा खात नाही. भाजलेले कणीस चोळून पहिली मूठ शेजाऱ्याच्या हातावर ठेवली जाते. वाचून झालेल्या पुस्तकाचाही तोच रिवाज गावोगाव पडावा. ज्याच्या घरी आज एखादे पुस्तक वाचून बाजूला ठेवलेले आहे, त्याने ते कोणाला आवडेल याचा क्षणभर विचार करावा आणि येत्या बाजाराला जाताना ते पिशवीत घालावे.